सहाव्या जारातला चीक

प्रल्हादला वस्तू टाकवत नसे. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरी त्याच्या गराजमध्ये गाडी कधी उभी राहिली नाही. तिथे बंद पडलेले ड्रायर होते, शेजाऱ्यांनी कचऱ्यात काढलेली गवत कापायची मशिनं होती आणि 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेल्या पाइपांचा ढीग होता. त्याची बायको प्रतिमा म्हणायची, रस्त्यात स्क्रू पडलेला दिसला तर हा माणूस तो उचलतो आणि मग त्याला शोभेलसं मशीन शोधत हिंडतो. त्यात खोटं काही नव्हतं. गाड्यांच्या ब्रेकसाठी व्हॅक्युमचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनियर होता, आणि हवा कुठून गळते हे त्याला नुसत्या कानांनी कळायचं.

२००६ साली कंपनीने त्याचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं, तेव्हा बाकीचे रेझ्युमे काढून बसले. प्रल्हादने मिशिगनच्या पूर्व टोकाला, ज्याला तिथे 'थंब' म्हणतात त्या सपाट, वाऱ्याच्या मुलखात एक लहानसं फार्म घेतलं आणि वीस जर्सी गाई घेतल्या. इस्लामपूरला त्याच्या वडिलांच्या दोन म्हशी होत्या. शाळेत जाण्याआधी धार काढायचं काम त्याच्याकडे असे, त्यामुळे जनावर त्याला नवं नव्हतं. नोव्हायच्या मराठी मंडळींनी त्याला वेड्यात काढलं. प्रतिमाने काढलं नाही. दोनदा दिवस राहून दोनदा पोट रिकामं झालं होतं, आणि बाळासाठी पिवळा रंग देऊन ठेवलेली ती एक खोली रोज ओलांडून जाणं तिच्याने होत नव्हतं. फार्मवर येऊन एक उन्हाळा सरतो न सरतो तोच, अडतिसाव्या वर्षी, तिला पुन्हा दिवस राहिले.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दोघांनी कित्येक महिने कुणाला चकार शब्द सांगितला नाही. शिवाय प्रल्हादने मनाशी एक ठरवलं, की या खेपेला प्रतिमाच्या कानावर वाईट काही पडू द्यायचं नाही. त्याच्या आईचा तसा नियमच होता: पोटुशीला मरणाची बातमी द्यायची नाही, मग शेजारचं कुत्रं का मेलेलं असेना. मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या प्रल्हादने हा एक नियम काही न विचारता पाळायला घेतला.

फार्मबरोबर आलेलं दूध काढायचं मशीन रोज काहीतरी मागत होतं. नवं घेणं ही मोठ्या डेअऱ्यांची चैन. लहान माणूस जुनंच शोधतो. पानगळ संपत आली होती तेव्हा त्याला कळलं, की सरोवराच्या बाजूला आल्मा क्रेमर नावाच्या म्हातारीकडे अख्खा सेट पडून आहे. नवरा वारला होता, गाई तर केव्हाच गेल्या होत्या. प्रल्हाद ट्रक घेऊन गेला.

माल पाहून त्याला हर्षच झाला. व्हॅक्युम पंप हाताने फिरवला तर लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. स्टीलची लाइन सरळ होती. प्रत्येक गाईसाठी एक जाड काचेचा जार, त्यावर मापाच्या रेघा, आणि खाली रबरी नळीला लटकणारा चार कपांचा पंजा. हे चार कप गाईच्या चार सडांना लागतात. वर पल्सेटर नावाची लहानशी डबी हवा आत-बाहेर सोडते आणि कपातलं रबर वासराच्या जिभेसारखं आवळतं, सुटतं, आवळतं, सुटतं. रबर पार कडक झालं होतं, पण ते बदलायचंच असतं. पाच जार भिंतीवर होते. सहावा एका कपाटात निघाला. त्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली होती आणि पंजा एका फडक्यात गुंडाळलेला होता.

ते फडकं त्याने उलगडलं. तान्ह्या बाळाचं झबलं होतं. ठिगळावर ठिगळ, रफूवर रफू, इतकं की मूळ कापड कोणतं ते सांगता येऊ नये. म्हातारी काटकसरी दिसते, असं त्याच्या मनात आलं, आणि तिच्याबद्दल त्याला आपुलकीच वाटली.

आल्मा दारात उभी होती. पाच घेऊन जा, सहावा राहू दे, असं ती म्हणाली. फुटलाय का, असं प्रल्हादने विचारलं. नाही, ती म्हणाली. मग दुरुस्त करीन की, म्हणत त्याने तो उचललासुद्धा.

"घरात लहान मूल आहे?" तिने विचारलं. "किंवा व्हायचंय?"

परक्या बाईला असलं काही सांगण्याची पद्धत नव्हती, आणि त्यांनी तर घरच्यांनाही सांगितलं नव्हतं.

"नाही," प्रल्हाद म्हणाला.

"मग ठीक आहे. पण खुंटी काढू नका."

त्याने खुंटी काढली. इंजिनियर होता, ज्या लाइनमधून दूध जातं तिच्यात लाकूड ठेवणं म्हणजे घाणीला घर देणं. त्याच्या गोठ्यात एका वेळी पाचच गाईंची धार काढता येई, तरी सहावा जार त्याने टोकाच्या भिंतीवर स्पेअर म्हणून बसवला, त्याला स्टीलचा नळ लावला, आणि खुंटी तिथेच वरच्या फळीवर ठेवून दिली. टाकायची कशाला, कधीतरी लागेल. झबलं कास पुसायच्या चिंध्यांत गेलं. पुढे प्रतिमाने ते तिथून काढून धुऊन ठेवलं.

सगळं जोडायला त्याला दोन आठवडे लागले. नवं रबर, पल्सेटरचे नवे पडदे, पंपात नवं तेल. साबणाचा फेस लावून त्याने एकेक सांधा तपासला. काटा जिथे थांबायला हवा तिथे थांबला. मग जुन्या गवळ्यांची रीत म्हणून त्याने प्रत्येक कपात अंगठा घालून पाहिला. पाचही पंज्यांचं रबर थंडगार होतं, तसंच असायला हवं. सहाव्याचे कप कोमट होते. पंपाजवळ आहे, ऊब येत असेल, असं तो मनाशी म्हणाला. पंप दुसऱ्या टोकाला होता हे त्याच्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले.

आणि एक गोष्ट होती. पाच पल्सेटर संथ चालीने चालायचे: खट्, फुस्स, खट्, फुस्स. सहावा घाईत असायचा. प्रल्हाद स्क्रू फिरवून त्याला चालीवर आणी. धार संपेपर्यंत तो पुन्हा घाईवर आलेला असे. दुपटीहून जास्त. एरवी कुणी लक्षही दिलं नसतं, पण त्याच आठवड्यात प्रतिमाला तपासणीला नेलं होतं आणि डॉक्टरणीने तिच्या पोटावर ते यंत्र टेकवून बाळाचे ठोके ऐकवले होते. प्रतिमाचे डोळे भरून आले. प्रल्हाद मात्र मान तिरकी करून, गळती शोधताना ऐकतो तसा ऐकत राहिला. ही चाल त्याच्या ओळखीची होती.

सहाव्या जारात दूध पहिल्यांदा दिसलं ते नोव्हेंबरच्या एका सकाळी. तळाला बोटभर. त्याला नवल वाटलं नाही. पंप कधीकधी एका लाइनमधलं दूध दुसरीत ओढतो, हा जुनाच रोग आहे. त्याने लाइन खोलली, झाकणं बदलली, पुन्हा जोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर. नळ बंद ठेवला, तरी बोटभर. ते हाताला चिकट लागत होतं. रंग पिवळा, हळदीचं बोट लागल्यासारखा. प्रल्हादने जार खाली घेतला, नाकाशी नेला, आणि तीस वर्षांपूर्वीचा इस्लामपूरचा गोठा त्याच्या डोळ्यांपुढे आला. हा वास चुकणं शक्य नव्हतं.

तो चीक होता. नुकत्याच व्यालेल्या जनावराचं पहिलं दूध. व्याल्यावर दोन-तीन दिवस येतं, मग पुढच्या वेतापर्यंत नाही. आणि त्याच्या गोठ्यात गेल्या कित्येक महिन्यांत एकही गाय व्याली नव्हती.

मोजल्याशिवाय विश्वास नाही, म्हणून त्याने घरात जाऊन ते पातेल्यात ओतलं आणि गॅसवर ठेवलं. दूध तापवलं की वर येतं. चीक तापवला की बसतो. तो बसला. सुरी घातली तर वडी पडेल असा बसला.

प्रतिमा मागे येऊन उभी होती. तिसऱ्या महिन्यापासून तिला एकच ध्यास होता, खरवसाचा. अमेरिकेत सगळं मिळतं आणि चीक मिळत नाही. इथले लोक तो वासरांना पाजतात, नाहीतर फेकतात. पहिली गाय व्याली की तुलाच, असं प्रल्हादने तिला कबूल केलं होतं.

"अरे, कोण व्यालं?" तिने विचारलं. "मला सांगितलंस पण नाही."

इथे तो काही बोलू शकला असता. पण ती आधीच गूळ किसायला बसली होती, आणि डोहाळे लागलेल्या बाईच्या तोंडचा घास काढून घेणारा माणूस अजून जन्मायचा होता. शिवाय दूध फेकायचं? त्याच्या घरात दुधाचा थेंब सांडला तर त्याला बोट लावून कपाळाला लावायची पद्धत. तो म्हणाला, शेजारच्या फार्मवरून आणलाय. प्रतिमाने वाटीभर खाल्ला, वेलदोड्याचा वास घरभर झाला, आणि फार्मवर आल्यापासून ती एवढी पोटभर हसलेली त्याने पाहिली नव्हती. त्यानंतर तो रोज जार रिकामा करून पातेलं घरात आणू लागला. कुठून येतं ते त्याने शोधणं सोडलं नव्हतं, फक्त शोधायचं काम रोज उद्यावर जात होतं.

डिसेंबरात त्याची स्वतःची गाय व्याली. क्लोव्हर तिचं नाव. पाडी झाली, हरणासारखी, उभीही राहिली. क्लोव्हरची कास दगडासारखी भरलेली होती, पण पाडीने चारही सड ओढले तरी एक थेंब आला नाही. प्रल्हादने हाताने पिळून पाहिलं. गाय कधीकधी पान्हा चोरते, म्हणून त्याने तिला गोंजारलं, कास गरम पाण्याने शेकली. काही नाही. मागे टोकाच्या भिंतीवर सहावा जार काठोकाठ भरला होता.

बाटलीतलं दूध पाडीने तोंडाबाहेर टाकलं. शेजारच्या फार्मवरचा चीक आणून पाजला, तोही टाकला; सहाव्या जारातला पाजावा हे त्याला सुचलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, होतं असं कधीकधी. प्रल्हादने तिला गोठ्यामागे पुरलं, आणि आपल्या नियमाप्रमाणे प्रतिमाला सांगितलं, की पाडी विकली.

तो भरलेला जार पाहून प्रतिमाने नोव्हायला सुवर्णाताईंना फोन केला. सुवर्णाताई म्हणजे मराठी मंडळातल्या सगळ्यांच्या थोरल्या बहीण; बातमी आता त्यांना सांगून झाली होती आणि डोहाळजेवण त्यांच्याच घरी ठरलं होतं. प्रतिमा म्हणाली, खरवस मी आणते. हिरवी साडी, फुलांची वाडी, चंद्रावर बसवून फोटो, सगळं झालं. तीस बायकांनी खरवस खाल्ला आणि वाट्या चाटून पुसून ठेवल्या. देशातला खरवसही असा नसतो, असं त्या म्हणाल्या. सुवर्णाताईंचे यजमान मनोहर हॉलमध्ये प्रल्हादला सारखे विचारत होते, यार, तू खात का नाहीस? प्रल्हाद म्हणाला, पोट ठीक नाही.

जानेवारीत दुसरी गाय व्याली आणि तसंच झालं. कास दगड, सहावा जार काठोकाठ, वासरू तिसऱ्या दिवशी खड्ड्यात. जमीन गोठलेली होती. पहारीने खणताना त्याच्या हाताला फोड आले. त्या संध्याकाळी त्याने फळीवरची खुंटी काढली, पुसली आणि सहाव्या जाराच्या तोंडात हातोड्याने ठोकली. पल्सेटर थांबला. नंतर जी गाय व्याली तिला धो धो चीक आला, आणि तिचा गोऱ्हा ढुशा देऊन देऊन प्यायला. प्रल्हाद गव्हाणीला टेकून ते पाहत राहिला आणि त्याला रडू आलं. जितकं समजलं तितकं पुरे, असं त्याने ठरवलं. बाकीचं त्याला समजून घ्यायचं नव्हतं.

प्रतिमाला तो म्हणाला, तो नळ गळतो म्हणून बंद केलाय. या गाईचा चीक आणला तर तिने चमचाभर चाखून वाटी बाजूला सारली. तो नाही, म्हणाली. पहिला होता तसला हवा.

फेब्रुवारीच्या एका सकाळी तो गोठ्यात आला तर सहावा पल्सेटर चालू होता. तोच घाईचा. खुंटी फळीवर जिथल्या तिथे ठेवलेली होती, आणि जारात तीन बोटं पिवळं होतं. कोणतीही गाय त्या दिवसांत व्यायची नव्हती.

प्रतिमा पातेलं घेऊन शेजारी उभी होती, आठवा लागलेली, अंगात त्याचं जाकीट.

"मीच काढली," ती म्हणाली. "किती दिवस झाले, रोज काढते आणि परत लावून ठेवते. तू चिडशील म्हणून बोलले नाही. त्यात काय एवढं? दूधच आहे ना?"

तेव्हा तरी सांगायचं. दोन वासरं गोठ्यामागे आहेत, असं म्हणायचं. पण नऊ महिने भरायला थोडेच दिवस राहिलेले, आणि तिच्या चेहऱ्यावर जो प्रकाश होता तो त्याने दोनदा विझताना पाहिला होता. तो म्हणाला, थंडी आहे, आत जा. मग त्याने सहावा जार भिंतीवरून उतरवला. नळ्या कापल्या, पल्सेटर सोडवला, सगळं उचलून लांबच्या शेडमध्ये नेलं आणि वर ताडपत्री टाकली. फोडून मात्र टाकला नाही. त्याच्या हाताने वस्तू फुटत नसे.

मार्चमध्ये मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, गोरीपान, सगळं जिथल्या तिथे. प्रल्हादने तिला हातात घेतलं तेव्हा त्याला वाटलं, आता देवाने काही मागावं, आपण देऊ.

दूध आलं नाही.

येईल, नर्स म्हणाली, एखादा दिवस लागतो. प्रतिमाची छाती दगडासारखी भरलेली होती, हात लावला तरी ती कळवळायची. पण थेंब नाही. नर्सने पंप आणून लावला. खट्, फुस्स, खट्, फुस्स. प्रल्हाद खोलीबाहेर निघून गेला.

बाटलीतलं दूध मुलीने तोंडाबाहेर टाकलं. दुसरं आणलं, तेही टाकलं. मग हाताला सुई लावून सलाइन दिलं. नर्सने प्रल्हादला सांगितलं, तिच्या तोंडात बोट देऊन बघा, ओढते का. त्याने दिलं. ते तोंड थंड होतं, आणि काही ओढत नव्हतं.

"प्रल्हाद, ही पिईल ना रे?" प्रतिमा विचारत होती. "हिला काय हवंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धारेसाठी फार्मवर आला. गाई थांबत नाहीत. घरात काहीही होवो, त्यांची वेळ झाली की त्यांना पिळावंच लागतं. धार झाली, धुणं झालं. मग तो लांबच्या शेडकडे चालत गेला. दुपारचं पांढरं ऊन होतं, बर्फ वितळत होतं, आणि आपण कशाला चाललोय हे तो स्वतःला सांगत नव्हता.

ताडपत्री काढली.

जार कशालाच जोडलेला नव्हता. नळ्यांची कापलेली टोकं हवेत होती. शेडमध्ये पाणी गोठलेलं होतं, आणि जाराची काच आतून धूसर झाली होती. त्याने तळहात लावला. कोमट.

तळाला दोन चमचे पिवळं होतं.

ते कुणाच्या छातीतलं, हे त्याला विचारावं लागलं नाही. नोव्हेंबरातलं बोटभर कुणाचं होतं, तेही आता विचारावं लागलं नाही. ती रोज वाटीभर खात होती. डोहाळजेवणात तिळमात्र कमी पडू नये म्हणून क्लोव्हरच्या चिकात तिने आदल्या दोन दिवसांचंही घातलं होतं.

त्याने खिशातून हॉस्पिटलची छोटी बाटली काढली. ती त्याने येतानाच खिशात टाकली होती.

मुलगी प्यायली. डोळे मिटून, मुठी वळून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, आणि बाटली काढून घेतल्यावर त्याचं बोट तिने असं ओढलं की त्याला ते मनगटापर्यंत जाणवलं. नर्स टाळ्या वाजवायच्या बेतात होती. प्रतिमाने बाटली हातात घेतली, हुंगली, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"कुठून आणलंस?"

"आपल्याच गोठ्यातून."

तिने बाटली परत त्याच्या हातात दिली. त्याच संध्याकाळी प्रल्हादने सहावा जार पुन्हा भिंतीवर चढवला.

बाराव्या दिवशी बारसं झालं, सावनी नाव ठेवलं. सुवर्णाताईंनी स्वतः शिवलेली मऊ झबली आणली: तान्हेपणीचं एक, सहा महिन्यांचं एक, वर्षाचं एक. मुलं भराभर वाढतात, आधीच घेऊन ठेवलेलं बरं, असं त्या म्हणाल्या.

पुढे लोकांचं येणंजाणं कमी झालं. ते यांनीच कमी केलं. डॉक्टरणीने पहिले काही महिने वजनाचे आलेख काढले, मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथून आणखी कुठे. तब्येत उत्तम आहे, असं सगळेच म्हणत आणि पुन्हा तपासण्या लिहून देत. प्रतिमा एक दिवस म्हणाली, पुढची अपॉइंटमेंट कॅन्सल कर. त्याने केली. गोठ्यात एकाही गाईला धड चीक येत नव्हता. सहावा चालू असेपर्यंत येणारही नव्हता, आणि तो बंद करता येत नव्हता. दर वेतामागे खड्डा खणून प्रल्हाद थकला. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याने गाई विकून टाकल्या.

त्याआधी एकदा तो आल्माकडे गेला होता. म्हातारी अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होती. तो काही बोलायच्या आत तिने त्याचा चेहरा वाचला असावा.

"पिते का?" तिने विचारलं.

"हो."

आल्माने चादरीची घडी घातली. तिच्या बोटांना सुईच्या टोचण्यांचे जुने, कठीण झालेले ठिपके होते.

"खुंटी मी माझ्या हातांनी ठोकली," ती म्हणाली. "नवऱ्याने हात लावला नाही. तुमच्यात कोण ठोकेल, ते दोघांनी आधी ठरवा." आणि ती टोपली उचलून आत गेली.

प्रल्हादने हे प्रतिमाला सांगितलं नाही. वाईट बातमी तिला न सांगायची त्याला आता सवय झाली होती.

२००८चा उन्हाळा आला. रिकाम्या गोठ्यात पाच जार पालथे घालून ठेवले होते. सकाळी आणि दुपारी, धारेच्या जुन्या वेळेला, प्रल्हाद पंप चालू करी, काटा बघे, तेल बघे. रबर वेळच्या वेळी बदलत असे, सांध्यांना साबण लावून गळती तपासत असे. एवढं नीट राखलेलं जुनं मशीन अख्ख्या थंबमध्ये नसेल. सहाव्या जारात तळाला पिवळं जमायचं. तिसरा दिवस ओलांडून दूध पातळ, पांढरं व्हायला हवं, ते कधी झालंच नाही. रोज पहिलाच दिवस असायचा. प्रतिमा हल्ली बरीच वाळली होती, पण तक्रार करत नसे.

त्या दुपारी तो बाटली घेऊन घरात आला तेव्हा प्रतिमा खिडकीत शिवत बसली होती. सुवर्णाताईंचं पहिलं झबलं धुऊन धुऊन काखेत विरलं होतं. बाकीची दोन घडीही न मोडता कपाटात होती. ठिगळासाठी तिने आल्माचं ते जुनं झबलं घेतलं होतं, आणि कापण्याआधी दोन्ही एकावर एक ठेवून पाहत होती. गळ्याला गळा, बाहीला बाही, माप तंतोतंत तेच.

"आता वर्षाची होऊन गेली ना रे ही," ती सहज म्हणाली.

प्रल्हाद म्हणाला, हो.

तिने ठिगळ लावलं, दातांनी दोरा तोडला, आणि सावनीला झबलं घातलं. बाही अजून तिच्या बोटांच्या खाली चार बोटं उरत होती. प्रतिमाने ती नेहमीसारखीच दुमडली.